मालक यात्रेला जातात तेव्हा



आज एका किल्ल्यांच्या जुडग्याबद्दल बोलणार आहे. जुडग्यात सात किल्ल्या होत्या. फाटकाची, ऑफिसची, तिजोरीची, स्टोअरची, डिझेलच्या टाकीची, पॅटर्न ठेवायच्या खोलीची आणि सातवी कशाची ते कोणालाच माहीत नव्हतं. हे जुडगं एकवीस दिवस माझ्या खिशात होतं. त्या एकवीस दिवसांत मी एका कारखान्याचा मालक होतो. म्हणजे नव्हतो, पण लोक तसं समजत होते, आणि दोन-चार दिवस मीही तसंच समजत होतो.

गोष्ट मे २००६ मधली. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत मी हिशेबाचं काम बघत असे. फौंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. कोल्हापूरला तो नवा नाही. उद्यमनगरापासून शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंत कितीतरी घरांची चूल या भट्ट्यांवर पेटते. आमचा कारखाना लहान. छेचाळीस माणसं, पाचशे किलोची एक विजेची भट्टी, आणि गिऱ्हाईक म्हणजे प्रामुख्याने पंप बनवणारे.

मालक तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. कारखाना काढून बावीस वर्षं झाली होती आणि या बावीस वर्षांत त्यांनी सलग दोन दिवसांपेक्षा जास्त रजा घेतलेली मला आठवत नाही. गंमत बघा. १९४८च्या कारखाना कायद्याने कामगाराला दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. मालकाला रजा देणारा कायदा कोणी केलेला नाही. त्याला रजा द्यायची ती त्याच्या बायकोने. वहिनींनी त्या वर्षी दिली. त्यांचे गुडघे दुखायला लागले होते. त्यांनी सांगितलं, ‘चारधाम यंदा झालं तर झालं, पुढच्या वर्षी मला चढवणार नाही.’ तिकिटं काढूनच त्या ऑफिसात आल्या होत्या.

मालकांना मुलगी एकच, ती लग्न होऊन बंगळूरला. भाऊबंदांवर त्यांचा विश्वास नव्हता. फोरमन मिस्त्री कामात पक्के, पण कागद बघितला की त्यांना घाम फुटायचा. राहता राहिलो मी. निघायच्या आदल्या संध्याकाळी मालकांनी मला बोलावलं, जुडगं टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, ‘भाऊ, तीन आठवडे तुम्ही बघायचं.’ एक वही दिली. तिच्यात त्यांच्या अक्षरात बावीस कलमं होती. कोणाचा चेक कधी येणार, कोणाला किती द्यायचं, पीएफ पंधरा तारखेच्या आत, उचल कोणाला हजाराच्या वर नाही, भट्टीचं थंड पाणी कधीही बंद पडू द्यायचं नाही. शिवाय सही केलेले दहा कोरे चेक. मी म्हटलं, ‘आणि वहीत नसलेलं काही निघालं तर?’ ते म्हणाले, ‘फोन करा. लागला तर विचारा. नाही लागला तर तुम्ही हाईसा की.’

हे शेवटचं वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

पहिले दोन दिवस मी माझ्याच खुर्चीत बसलो. तिसऱ्या दिवशी एक व्यापारी आला, त्याला बसवायला केबिनच बरी म्हणून आत गेलो, आणि तो गेल्यावर तिथेच बसून राहिलो. दुपारी चहा आला तो कपबशीतून. सतरा वर्षं मी काचेच्या ग्लासातून चहा पीत होतो. कोअर शॉपमधली दोन पोरं, जी एरवी माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलायची, ती दारात उभी राहून ‘येऊ का साहेब?’ म्हणाली. खोटं कशाला सांगू? बरं वाटलं. घरी गेल्यावर बायको म्हणाली, ‘आवाज बदललाय तुमचा.’

तो आवाज दुसऱ्याच दिवशी ताळ्यावर आला. पगार सात तारखेच्या आत द्यायचा असा नियम. त्या महिन्यात सात तारीख रविवारी आली होती, म्हणजे पगार शनिवारी, सहा तारखेला. पगाराचा आकडा दोन लाख दहा हजार. बँकेत कॅश क्रेडिटवर उचलता येण्यासारखे बासष्ट हजार. उरलेली रक्कम एका गिऱ्हाइकाच्या चेकमधून यायची होती. तीन लाख चाळीस हजारांचा तो चेक चार तारखेला येणार असं वहीतल्या पहिल्याच कलमात लिहिलेलं. चार गेली. पाच तारखेला सकाळी फोन केला तर तिकडून उत्तर, ‘सही करणारे साहेब बाहेर आहेत, सोमवारी बघू.’

आता हे आकडे मला नवे नव्हते. सतरा वर्षं तेच आकडे मी लिहीत होतो. कोणाकडून किती येणं, कोणाला किती देणं, सगळं तोंडपाठ. पण आकडा वहीत लिहिणं आणि तो आकडा रात्री छातीवर घेऊन झोपणं यात फरक आहे. ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणतात ते काय उगाच नाही. मालक फोनवर गिऱ्हाइकाशी इतक्या गोड आवाजात बोलायचे की आम्ही बाहेर बसून हसायचो. ‘होय साहेब, तुमचाच कारखाना आहे साहेब.’ त्या शुक्रवारी स्कूटर काढून मी त्या गिऱ्हाइकाच्या ऑफिसात जाऊन बसलो. दहापासून दोनपर्यंत बाकावर. आणि साहेब आल्यावर अगदी त्याच आवाजात, त्याच शब्दांत बोललो. चेक मिळाला. नशीब, दोघांचं खातं एकाच शाखेत होतं, म्हणून पैसे त्याच दिवशी जमा झाले. शनिवारी पाकिटं वाटताना मिस्त्रींनी विचारलं, ‘आज हात का थरथरतोय?’ मी म्हटलं, ‘नोटा मोजून.’

इथवर सगळं वहीप्रमाणे चाललं. खरी परीक्षा तिच्या बाहेरच होती.

रविवारी, १४ मेला संध्याकाळी वळीव कोसळला. वाऱ्याने ताडपत्री उडाली आणि बाहेर रचलेली नवी वाळू भिजली. साच्याच्या वाळूत ओल लागतेच, पण ती साधारण शंभराला तीन-चार भाग. मिस्त्री मूठभर वाळू दाबून, मोडून बघतात आणि ओल किती ते सांगतात. सोमवारी सकाळी मिस्त्री उशिरा आले. घरी पाणी शिरलं होतं. ते येईपर्यंत मोल्डरांनी मिळाली ती वाळू वापरून साचे भरले आणि ओतकामही सुरू केलं. ओल जास्त झाली की तापलेल्या रसाने तिची वाफ होते, ती वाफ लोखंडात अडकते आणि कातडीखाली पोकळी राहते. आम्ही त्याला ब्लो होल म्हणतो. वरून बघितलं तर माल सुंदर. लेथवर चढवून वरचा थर निघाला की भोक दिसतं.

त्या दिवशी नऊ हीट झाल्या. हीट म्हणजे भट्टीचा एक घाणा. एका हीटमध्ये पंपाच्या सत्तावीस बॉडी, म्हणजे एकूण दोनशे त्रेचाळीस. मंगळवारी सकाळी त्यातली एक नमुना म्हणून लेथवर लावली तर भोक. दुपारी गिऱ्हाइकाचा टेम्पो दारात. त्यांचा माणूस म्हणतो, ‘आमची लाइन उभी आहे. आत्ता माल द्या, नाहीतर पुढची ऑर्डर दुसरीकडे.’ मिस्त्री माझ्याकडे बघतात. मी फोनकडे. मालक बद्रीनाथच्या वाटेवर, तिकडे रेंज नाही. ते एखाद्या एसटीडी बूथवरून फोन करत तेव्हाच बोलणं व्हायचं. त्या दिवशी फोन आला नाही.

माझ्यासमोर दोन वाटा होत्या. माल द्यावा, तर शंभरेक पंप कुठल्या तरी शेतकऱ्याच्या विहिरीवर गळणार. थांबवावा, तर मालकाचं दहा वर्षांचं गिऱ्हाईक जाणार, आणि तेही माझ्या हातून. मी टेम्पो रिकामा परत पाठवला.

मग मला माझी विद्या आठवली. माझी विद्या म्हणजे रजिस्टर. प्रत्येक बॉडीवर हीटचा नंबर असतो आणि कुठल्या हीटला काय झालं याची नोंद असते. नोंदीत दिसत होतं की मिस्त्री चौथ्या हीटच्या आधी आले होते आणि आल्याबरोबर त्यांनी वाळू बदलायला लावली होती. आम्ही प्रत्येक हीटमधल्या दोन-दोन बॉडी लेथवर घेतल्या. पहिल्या तीन हीटमध्ये भोकं, चौथीपासून पुढे माल स्वच्छ. एक्याऐंशी बॉडी बाद केल्या, एकशे बासष्ट गुरुवारी पाठवल्या. बाद झालेलं लोखंड भंगार म्हणून परत भट्टीत जातं. वीज, मजुरी आणि दिवस परत येत नाहीत. पण कारखान्याचं नाव राखलं म्हणून मी खूश होतो.

यात एक गोष्ट सांगायची राहिली. गिऱ्हाइकाला उशीर का झाला ते मी खरं सांगितलं नाही. ‘वीज नव्हती’ म्हणून सांगितलं. त्या दिवसांत महाराष्ट्रात भारनियमन इतकं होतं की वीज नव्हती म्हटल्यावर कोणी पुढे विचारतच नसे. मला वाटलं, वाळू भिजली हे सांगितलं तर मालकाची अब्रू जाईल.

त्याच आठवड्यात फेटलिंगमधला एक माणूस केबिनमध्ये आला. फेटलिंग म्हणजे ओतलेल्या मालाच्या कडा घासून साफ करायचं खातं. दिवसभर धूळ आणि ठिणग्या. चौदा वर्षं कामाला होता. २००५च्या पुरात त्याच्या घराची मागची भिंत पडली होती आणि पाऊस पुन्हा तोंडावर आला होता. त्याला सहा हजार रुपये उचल हवी होती. वहीत कलम स्पष्ट होतं, हजाराच्या वर नाही. मी त्याला वही दाखवली. ‘मालक आले की बघू,’ म्हणालो. तो ‘बरं’ म्हणून गेला. वाद घातला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

बघा हं. एक्याऐंशी बॉडी बाद करायचा, टेम्पो परत पाठवायचा निर्णय मी कोणालाही न विचारता घेतला. त्यात किती हजार गेले असतील! आणि सहा हजारांची उचल देताना मात्र मला वहीची आठवण झाली. असं का झालं, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला.

धन्याच्या गैरहजेरीत कारभार बघायचे दोन नमुने आपल्या डोळ्यांपुढे असतात. एक भरताचा. त्याने पादुका सिंहासनावर ठेवल्या, स्वतः नंदिग्रामात राहिला आणि चौदा वर्षं रामाच्या नावाने राज्य चालवलं. खुर्चीत बसायचा मोह त्याला झाला नाही, हे मोठंच. दुसरा नमुना आपल्या इतिहासातला. १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या वधानंतर राजाराम महाराज जिंजीला गेले. इकडे मुलूख मोगलांच्या फौजांनी भरलेला. मागे कारभार रामचंद्रपंत अमात्यांकडे होता. त्यांना ‘हुकूमतपनाह’ असा किताब देऊन अधिकार दिले होते. जिंजीचा निरोप यायची वाट बघत बसले असते तर इथे काही उरलं नसतं. त्यांनी निर्णय घेतले, संताजी-धनाजींसारख्यांना बळ दिलं, गड राखले. राजधर्म सांगणारं ‘आज्ञापत्र’ त्यांच्याच नावावर आहे.

मला वाटतं, मागे राहिलेल्या माणसाला दोन्ही व्हावं लागतं. खुर्चीपुरता भरत आणि कामापुरता अमात्य. माझी अडचण अशी झाली की मी सोयीप्रमाणे बदलत गेलो. जिथे शाबासकी मिळणार असं वाटलं तिथे अमात्य झालो. जिथे पैसे बुडाले तर ‘तुला कोणी सांगितलं होतं?’ असं ऐकावं लागलं असतं, तिथे पादुका पुढे केल्या.

मालक २४ मेला आले. रंग रापलेला, चेहरा उतरलेला नव्हे तर उजळलेला. वहिनींनी सगळ्यांना प्रसाद वाटला. दुपारी मालक केबिनमध्ये बसले आणि मी सगळा हिशेब दिला. पगाराची गोष्ट ऐकून हसले. एक्याऐंशी बॉडींचं ऐकून म्हणाले, ‘बरोबर केलंसा. मी असतो तर मला मोह झाला असता.’ मग विचारलं, ‘गिऱ्हाइकाला काय सांगितलं?’ मी सांगितलं.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘भाऊ, मी खोटं बोललो असतो तर ते माझं खोटं. मी निस्तरलं असतं. तुम्ही माझ्या नावावर बोललासा, आणि मला ठाऊकसुद्धा नाही.’ त्यांनी फोन उचलला आणि माझ्यासमोर गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगितलं. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. पण पुढच्या महिन्यात ऑर्डर आली.

मी तरीही मनात म्हणत होतो की आता कौतुक होईल. तर पुढचा प्रश्न आला, ‘फेटलिंगच्या त्या गड्याची भिंत झाली का?’ त्यांना ती भिंत माहीत होती! मी नियम सांगितला. म्हटलं, तुम्हीच लिहून दिलाय. ते म्हणाले, ‘नियम लिहून देता येतो. तो मोडायचा कधी, ते कसं लिहून देणार?’ चौकशी केली तेव्हा कळलं की त्याने एका सावकाराकडून महिना दहा टक्क्यांनी पैसे काढले होते. मालकांनी सहा हजार उचल दिली आणि दरमहा सहाशेप्रमाणे दहा महिने कापायला सांगितली. व्याजाचे सहाशे स्वतःच्या खिशातून दिले. मी व्हाउचर करायला घेतलं तर म्हणाले, ‘हे वहीत नको.’

सतरा वर्षं मी या माणसाचे हिशेब लिहीत होतो. वहीत न आलेलं असं किती असेल, याचा मला अंदाजच नव्हता.

आता वीसेक वर्षं होत आली. मी निवृत्त झालो. पण ओळखीचे छोटे कारखानदार, दुकानदार भेटले की मी त्यांना विचारतो, शेवटची रजा कधी घेतली? बहुतेक जण हसतात. म्हणतात, ‘मी हललो की सगळं थांबतं.’ मी म्हणतो, असं असेल तर तुम्ही धंदा काढलेला नाही, नोकरीच धरलीय, आणि तीही बिनरजेची.

जाणाऱ्यासाठी दोन-तीन गोष्टी अनुभवाने सांगतो. सही केलेले कोरे चेक ठेवून जाऊ नका. आमच्या मालकांनी ठेवले, काही बिघडलं नाही, ते दैव. असा चेक हरवला तर रक्कम कोणीही भरू शकतो. बँकेला रीतसर पत्र देऊन ठरावीक रकमेपर्यंत सहीचा अधिकार द्या. आता चेक कमी झाले, पण त्या जागी ओटीपी आला. तो मालकाच्या मोबाइलवर येतो आणि डोंगरात रेंज नसते. म्हणून काही जण फोनच कारकुनाच्या हातात देऊन जातात. तसं करू नये. धंद्याच्या खात्याला दुसऱ्या माणसाचं वेगळं लॉगिन आणि त्याला मर्यादा, अशी सोय बँका देतात, ती घ्या. वही लिहा, पण तिच्यात ‘काय करायचं’ याबरोबर ‘का करायचं’ तेही लिहा. कारण ठाऊक असलेला माणूस नियम कुठे वाकवायचा ते ओळखतो. आणि अमुक इतक्या रकमेपर्यंत तुमची चूक झाली तर ती माझी, असा आकडा सांगून जा. मला तो आकडा माहीत असता तर ती भिंत वेळेवर झाली असती.

रजेचा आणखी एक फायदा. रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं आहे की नाजूक जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, आधी न कळवता, सलग किमान दहा कामाच्या दिवसांची सक्तीची रजा द्या. हेतू असा की माणूस खुर्चीतून उठला की खुर्चीखालचं दिसतं. आमच्याकडे तसंच झालं. मालक नसताना कळलं की वाळूला शेड नाही, आणि मिस्त्री आले नाहीत तर ओल बघणारा दुसरा माणूस नाही. त्या पावसाळ्याआधीच शेड बांधली. मिस्त्रींच्या हाताखाली दोन पोरं वाळू मुठीत दाबायला शिकली.

आणि मागे राहणाऱ्याला सांगायचं ते एवढंच. खुर्चीत बसा, न बसा, त्याने काही होत नाही. रोज काय केलं ते तारखेनिशी लिहून ठेवा. दुसऱ्याच्या नावावर खोटं बोलू नका. आणि ‘मालक आले की बघू’ हे वाक्य तोंडातून निघण्याआधी समोरच्या माणसाला तोवर थांबता येईल का, एवढं विचारा.

त्यानंतर मालक दर वर्षी पंधरा दिवस रजेवर जायचे. जुडगं माझ्याकडे यायचं. पुढच्या वर्षीच्या वहीत उचलीचं कलम होतं, पण त्यापुढे हजाराचा आकडा नव्हता. त्या जागी लिहिलं होतं, ‘भाऊंनी ठरवावे.’ ते वाचून मला पहिल्या वर्षीच्या कपबशीइतकं बरं वाटलं नाही. जरा भीतीच वाटली.

सातवी किल्ली कशाची होती, ते मात्र अजून कळलेलं नाही.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)